पहिलं पीठ

जगदेवराव साळुंख्यांना नावं ठेवायला तशी जागा नव्हती. दारू नाही, जुगार नाही, तंबाखूसुद्धा नाही. एकच व्यसन होतं, आणि त्या व्यसनाचं नाव हंबीरराव माने. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी जगदेवरावांची नजर खिडकीतून पलीकडच्या घरावर जायची. हंबीरनं नवीन बूट घेतले का, हंबीरच्या दारात कोणाची गाडी उभी आहे, हंबीरच्या बायकोनं वाळत घातलेली साडी कालची की नवी, हे सगळं बघून झालं की मग माणूस दात घासायला मोकळा.

दोघंही बडोद्याचेच. जगदेवरावांचे वडील रेल्वेच्या यार्डात होते, हंबीररावांचे रिफायनरीत. दोघं एकाच सुमाराला मकरपुऱ्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. कारखान्यात धान्य दळायच्या मोठ्या चक्क्या बनत. दोघं बरोबरच फिटर झाले आणि पुढे तरसालीला एकाच सोसायटीत भिंतीला भिंत लावून घरंही घेतली. आता एवढं सगळं सारखं असताना हेवा करायचा तरी कशाचा? पण ज्याला करायचाच असतो त्याला कारण शोधावं लागत नाही. हंबीरराव हसला की चार माणसं हसत. जगदेवरावांनी तोच विनोद सांगितला की लोक म्हणत, "मग पुढं काय झालं?" बस, एवढं पुरे होतं.

त्या कारखान्यात एक रीत होती. नवी चक्की जोडून झाली की ट्रायल घेताना तिच्यात ओंजळभर धान्य टाकायचं. पट्टा फिरला, चक्की गुरगुरली आणि खालून पहिलं पीठ पडलं की ते जोडणाऱ्या फिटरचं. त्यावर मॅनेजरचाही हक्क नाही. फिटरनं ते रुमालात बांधून घरी न्यायचं, बायकोनं वाटीत घालून देवापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग त्याची भाकरी नाहीतर लाडू. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण मराठी फिटर असो की गुजराती, कोणी ती चुकवली नाही. पीठ घरी आलं म्हणजे चक्की चालली. पीठ नाही आलं तर बायका विचारत, "आज काय झालं हो? बिघडलं की काय?"

एके वर्षी कारखान्यात एकदम धावपळ उडाली. आफ्रिकेतल्या एका देशाला आपल्याकडून कर्ज मंजूर झालं होतं. देशाचं नाव मी घेत नाही. तिथल्या माणसांनी आपलं काही वाकडं केलेलं नाही. शेठ किरीटभाईंनी सगळ्यांना चहा पाजून समजावून सांगितलं. कर्ज त्या देशाच्या नावावर, पण खरेदी करायची ती आपल्याच कंपन्यांकडून. चक्क्या इथून जायच्या, पैसे इथल्या इथे शेठला मिळायचे, आणि हप्ते तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं फेडत बसायचं. तिकडं मका खातात, गावोगावी चक्की झाली की बायकांचे हात सुटतील. गरिबांनी गरिबांशी व्यापार करायचा, मध्ये गोरा साहेब नको, असं शेठ म्हणाले. ऐकायला छान वाटलं. जगदेवरावांनाही वाटलं. मात्र त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, तो म्हणजे चक्क्या जोडायला जाणार कोण?

गेला हंबीरराव!

त्या दिवशी जगदेवराव घरी आले ते ताटावरून उठले. बायको मंदा म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." तर म्हणाले, "त्याला इंग्रजी येतं का? मला सांग, त्याला इंग्रजी येतं का?" मंदा म्हणाली, "तुम्हाला तरी कुठं येतं?" झालं! त्या माउलीशी पुढचे कितीतरी दिवस धड बोलणं नाही. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. हंबीरराव निघताना सगळी सोसायटी गेटपर्यंत पोचवायला गेली. जगदेवरावही गेले, हार त्यांनीच घातला, आणि घालताना मनात म्हणाले, जा, ताप येऊन परत ये.

ताप कसला येतोय! हंबीरराव काही महिन्यांनी परतला तो काळवंडलेला, थोडा उतरलेला, पण धडधाकट. बरोबर रंगीबेरंगी कापडाचा एक तागा, लाकडी जिराफ, आणि गोष्टी. गणपतीच्या मांडवात तो खुर्ची टाकून बसे आणि लोक सतरंजीवर. तांबड्या मातीचे रस्ते, बाओबाबची झाडं, लग्नात तीन दिवस नाचणारी माणसं, ट्रक चिखलात रुतला तर सगळ्या गावानं कसा ओढला. लोक तल्लीन होऊन ऐकत. त्या वर्षापासून सोसायटीत त्याचं नाव पडलं आफ्रिकावाले, आणि पहिल्या दिवशीच्या आरतीचा मान त्याच्याकडे गेला. जगदेवराव मागे खांबाला टेकून टाळ वाजवत. असे वाजवत की शेजारच्यानं एकदा म्हटलं, "जगदेवराव, जरा हळू, टाळ फुटतील."

एक गोष्ट मात्र मंदाच्या ध्यानात आली. ती हंबीररावांच्या बायकोला, पद्मावहिनींना म्हणाली, "तिकडचं पीठ नाही आणलं का हो भावजींनी? आम्हाला वाटलं, मक्याचं पहिलं पीठ देवापुढे ठेवाल."

पद्मावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. हंबीरराव जिराफ पुसत होता. म्हणाला, "विमानात आणू देत नाहीत, वहिनी."

मंदाला ते पटलं. जगदेवरावांना तर त्यात एक छोटासा आनंदच झाला. निदान पीठ तरी नाही आलं! तेवढ्यावर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी त्याच देशाची आणखी मागणी आली. पुन्हा हंबीररावच जाणार म्हणून जगदेवराव मूग गिळून बसले होते. पण शेठनं बोलावलं ते त्यांना, आफ्रिकेला जातोस का विचारायला. "केम जगदेवभाई, आफ्रिका जवुं छे?"

जगदेवराव म्हणाले, "हंबीर?"

शेठ कागद चाळत म्हणाले, "एनी तबियत बराबर नथी." त्याची तब्येत ठीक नाही म्हणे! हंबीररावाची तब्येत कालच जगदेवरावांनी खिडकीतून पाहिली होती. अंगणात गाडी धूत होता. पण कोण विचारतो? लागलीच मंदाला घेऊन ते लहरीपुऱ्याच्या बाजारात गेले, मोठी चाकांची बॅग घेतली, आणि ती रिकामी बॅग सोसायटीच्या गेटपासून घरापर्यंत मुद्दाम खडखडवत ओढत आणली. हंबीरराव दारातच होता. जगदेवराव म्हणाले, "अरे, तुझी तब्येत कशी आहे?"

"मजामा," हंबीरराव म्हणाला. मग दोन पावलं पुढे आला. "जगदेव, जाण्याआधी एकदा बसू या. तुला काही सांगायचंय."

"सगळं माहीत आहे मला. तुझ्या गोष्टी ऐकूनच पाठ झाल्यात," जगदेवराव म्हणाले आणि बॅग ओढत आत गेले. हा आता शहाणपणा शिकवणार. संधी मला मिळाली तर तीही याच्या हातून घ्यायची काय? ते बसले नाहीत. हंबीरराव नंतर एकदा दारापर्यंत आला, तेव्हा जगदेवराव आंघोळीला गेल्याचं मंदाला सांगायला लावलं. एक मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. काहीही होवो, विमानवाल्यांचे पाय धरावे लागोत, तिथलं पहिलं पीठ घरी आणायचं. हंबीरला जे जमलं नाही ते आपण करून दाखवायचं. या माणसाच्या सगळ्या आयुष्याची कमाई त्या मूठभर पिठात येऊन बसली होती म्हणा ना.

तिथे पोचल्यावर त्यांना घ्यायला जोसेफ नावाचा माणूस आला. तिथल्या सरकारचा, चक्क्यांवर देखरेख करणारा, हसऱ्या तोंडाचा. याचं इंग्रजी मोडकं, त्याचंही मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. गाडीत बसताच जोसेफनं विचारलं, "हंबीर कसा आहे?" गावात शिरल्यावर पोरांनी विचारलं, हंबीर कुठे आहे? एका म्हातारीनं जगदेवरावांचा हात हातात घेऊन काहीतरी विचारलं. जोसेफनं सांगितलं, ती म्हणते, हंबीरला सांग, मी अजून मेलेली नाही. जगदेवरावांना वाटलं, अरे देवा, इथेही हाच! समुद्र ओलांडून आलो तरी हा माझ्या पुढे येऊन बसलेला.

मग जोसेफनं त्यांना हंबीररावानं जोडलेल्या चक्क्या दाखवल्या. पत्र्याची शेड, दाराला कुलूप. कुलूप काढलं. आत चक्की होती, मकरपुऱ्याचा हिरवा रंग तसाच कोरा. धान्य ओतायच्या हॉपरवर कोंबडी बसली होती. जगदेवरावांनी सवयीनं चाळणी काढून बोट फिरवलं. चाळणीला पिठाचा कण नव्हता. वासही नव्या लोखंडाचा. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. एकही चक्की एक दाणासुद्धा दळली नव्हती.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी जगदेवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तोंड फिरवून घेतलं. सापडलास! मांडवात खुर्ची टाकून बसत होतास काय! त्यांनी फोन काढला आणि कोंबडीसकट चक्कीचे फोटो घेतले. जाऊन सोसायटीच्या भर सभेत दाखवायचे असं ठरवूनच टाकलं.

मग त्यांनी विचारलं, का नाही चालत? जोसेफनं शेडच्या मागे नेलं. तिथे विजेचा एकही खांब नव्हता. वीज दुसऱ्या कर्जातून यायची होती. पण आधीची कर्जं इतकी झाली होती, रस्त्याचं एकाचं, बंदराचं दुसऱ्याचं, चक्क्यांचं आपलं, की पुढचं कर्ज द्यायला कोणी तयार होईना. मग खांब आलेच नाहीत. जनरेटर होता, पण डिझेल बाहेरून विकत आणायचं तर डॉलर लागत, आणि जे डॉलर तांबं विकून येत ते सगळे हप्त्यांत जात. चक्की बंद असली म्हणून हप्ता थांबत नाही. जोसेफ म्हणाला, "दवाखान्यातली औषधं कमी झाली, पण तुमच्या चक्कीचा हप्ता वेळेवर जातो. आमचा देश इमानदार आहे." आणि हसला. ते हसणं जगदेवरावांना आवडलं नाही.

"मग घेतल्या कशाला?" जगदेवरावांनी विचारलं.

"त्या डोंगरापलीकडच्या जिल्ह्याला मिळाल्या होत्या," जोसेफ म्हणाला. "आमचे पुढारी म्हणाले, त्यांच्याकडे आहेत तर आपल्याकडे का नाहीत?"

हे वाक्य जगदेवरावांनी खिडकीत उभं राहून आयुष्यभर म्हटलं होतं.

पण खरा मार पुढेच होता. जोसेफ म्हणाला, "हंबीर चांगला माणूस. त्यानं इथूनच फोन करून तुमच्या शेठला सांगितलं, विजेची तार आल्याशिवाय आणखी मशीन पाठवू नका, या लोकांवर उगाच बोजा पडतोय. खूप ओरडला फोनवर. मी समोर होतो."

म्हणजे तब्येत! ही तब्येत होती तर! शेठनं जगदेवरावांना निवडलं नव्हतं. जो बोलला त्याला घरी बसवलं आणि जो बोलणार नाही त्याला धाडलं. गेटपासून खडखडवत आणलेली ती बॅग, ही निवड, हा प्रवास, सगळं हंबीररावानं टाकून दिलेलं होतं. आणि हंबीर मांडवात खोटं बोलला होता का? जगदेवराव एकेक गोष्ट आठवू लागले. रस्ते, झाडं, लग्न, चिखलातला ट्रक. चक्की चालली असं तो कधी म्हणालाच नव्हता. एकदाही नाही. सापडला म्हणावं तर माणूस हातातून निसटला, तोही वरच्या पायरीवर जाऊन. जगदेवराव इतके जळले की त्या रात्री जोसेफच्या घरी मक्याचा घट्ट लापशीसारखा गोळा पुढ्यात आला तो त्यांना गिळवेना.

तरी त्यांनी चक्क्या जोडल्या. करारात जोडणं लिहिलं होतं, दळणं लिहिलं नव्हतं. शेवटची चक्की जोडून झाली तेव्हा हात पुसत ते खाली बघत बसले. जिथून पीठ पडायचं तिथं नुसती माती. आता घरी जाऊन काय सांगायचं? विमानात आणू देत नाहीत? म्हणजे पुन्हा हंबीरचंच उष्टं?

शेडच्या समोरच एक बाई उखळात मका कुटत होती. चक्कीच्याच शेडच्या सावलीत बसून. कुटून झालं की सुपात घोळवायची, पुन्हा कुटायची. जगदेवराव बराच वेळ बघत राहिले. मग उठून तिच्याजवळ गेले, रुमाल पसरला आणि खिशातली नोट पुढे केली. बाईनं नोट घेतली नाही. पाहुणा माणूस म्हणून तिनं रुमाल भरून पीठ दिलं आणि वरून आणखी एक मूठ घातली.

विमानात कोणी काही विचारलं नाही.

गणपती त्यांच्या येण्याच्या सुमारालाच आले. मंदानं पीठ पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला की जगदेवरावांना क्षणभर स्वतःलाच खरं वाटलं. तिनं निम्म्याचे लाडू केले, उरलेलं चांदीच्या वाटीत घालून मांडवात देवापुढे ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. सोसायटीतले सगळे वाकून बघून जात होते. आफ्रिकेचं पीठ! आपल्या चक्कीवर दळलेलं! शेठ किरीटभाईंना आरतीला बोलावलं होतं, तेही आले. आरतीचं तबक या वर्षी हंबीररावानं आपण होऊन जगदेवरावांच्या हातात दिलं. "तू पीठ आणलंस. मान तुझा."

प्रसाद वाटताना हंबीरराव वाटीपाशी थांबला. फिटरची सवय, दोन बोटांत चिमूट घेऊन चोळली. पुन्हा चोळली. चक्कीचं पीठ एकसारखं पडतं, उखळातलं जाडंभरडं. हे कळायला फार मोठी अक्कल लागत नाही. जगदेवरावांच्या हातात तबक, तोंडात 'मोरया', आणि नजर त्या दोन बोटांवर.

हंबीरराव जवळ आला. इतक्या हळू बोलला की दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये. "कुटलेलं आहे, जगदेव."

"चक्कीचं आहे."

"बरं," हंबीरराव म्हणाला. चिमूट कपाळाला लावली, तोंडात टाकली आणि जाऊन सतरंजीवर सगळ्यांत मागे बसला. त्यानं चार माणसांत तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं! पण या माणसानं तेवढंही दिलं नाही.

आणि तिकडे शेठ मंदाला विचारत होते, "भाभी, आ लोट त्यांनो छे?" पीठ तिकडचंच का, म्हणे.

"हो तर! यांच्या चक्कीचं पहिलं पीठ!"

"बस, आ ज जोईतुं हतुं," शेठ म्हणाले, हेच हवं होतं म्हणे, आणि उरलेलं पीठ मागून घेतलं.

ते त्यांना कशाला हवं होतं ते दिवाळीच्या आधी कळलं. त्या देशाच्या शेजारच्या देशाची मंडळी कारखाना बघायला आली. शेजाऱ्याकडे चक्क्या आल्या, आपल्याकडे नाहीत, म्हणून आली, दुसरं काय! शेठच्या केबिनमध्ये टेबलावर काचेची बरणी, बरणीत ते पीठ. जगदेवरावांना नवा गणवेश देऊन बरणीशेजारी उभं केलं होतं. फिटर मंडळी दाराशी, त्यांत हंबीररावही.

मंडळींची प्रमुख एक वयस्कर बाई होती. केस पिकलेले, गळ्यात मण्यांची माळ. शेठ बोलत होते, नोकर काजू फिरवत होता, पण तिचं लक्ष बरणीकडे. तिनं झाकण काढलं. दोन बोटांत चिमूट घेतली आणि चोळली. अगदी हंबीररावासारखी. मग मान वर करून सरळ जगदेवरावांकडे पाहिलं. तिच्या आईनं, आजीनं आयुष्यभर उखळ कुटलं असणार. तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे जगदेवरावांना कळलं.

"हे पीठ," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या चक्कीचं आहे?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर एक अख्खा देश त्या बोज्यातून सुटला असता. जगदेवरावांना ते समजत नव्हतं असं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. हंबीरराव मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता. रागानं नव्हे. आपल्या माणसाची फजिती बघवत नाही तशी मान खाली. त्या एका गोष्टीनं जगदेवरावांचं डोकं फिरलं. हा माझी कीव करतो? 'नाही' म्हणायचं म्हणजे इथं, सगळ्यांसमोर, हंबीर खरा आणि मी खोटा!

"हो, मॅडम," जगदेवराव म्हणाले. "माझ्याच चक्कीचं. मी स्वतः दळलं."

बाईनं आणखी क्षणभर पाहिलं. कदाचित तिलाही रिकाम्या हातानं परत जाऊन चालणार नव्हतं, कोण जाणे. तिनं झाकण लावलं आणि बोटं रुमालाला पुसली. संध्याकाळपर्यंत मागणी पक्की झाली, पहिल्यापेक्षा मोठी. जगदेवराव फोरमन झाले. हंबीररावाला गोदामात बसवलं. हवं होतं ते सगळं मिळालं, म्हणाल तर.

पुढच्या उन्हाळ्यात ते त्या नव्या देशात जाऊन आले. तांबडी माती तीच, पत्र्याची शेड तीच. खांब इथेही नव्हते. याही गावात चक्कीच्या शेडच्या सावलीत एक बाई मका कुटत होती. तिनं पाहुणा बघून मूठभर पीठ पुढे केलं. जगदेवरावांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. त्या बाईच्या पाठीला बांधलेलं पोर त्यांच्याकडे टकामका बघत होतं. चक्कीचा हप्ता फिटेपर्यंत ते पोर आजोबा होणार होतं. जगदेवरावांनी हात जोडले आणि वळून चालू लागले. वाटेत त्यांना हंबीरराव आठवला. आफ्रिकेहून आला होता तेव्हाचा, दारात उभा, पिठाच्या नावानं दोन्ही हात रिकामे. आयुष्यात त्याच्या बुटांचा हेवा केला, हसण्याचा केला, आरतीच्या तबकाचा केला. पण त्या रिकाम्या हातांचा जसा हेवा वाटला तसा कशाचाच वाटला नव्हता. आणि ते तर आता मिळण्यातले नव्हते.

घरी आले तेव्हा दारात मंदा आणि पद्मावहिनी पापड वाळत घालत होत्या. मंदानं पाण्याचा तांब्या दिला, हातातली पिशवी घेतली, आत हात घालून चाचपून पाहिलं. मग बॅग उघडली. कपडे उलथेपालथे केले.

"अहो, पीठ?"

जगदेवराव पाणी पीत होते. पिऊन झाल्यावर म्हणाले, "विमानात आणू देत नाहीत."

पद्मावहिनींच्या हातातला पापड तसाच राहिला. त्यांनी जगदेवरावांकडे पाहिलं, आणि मग आपल्या घराच्या खिडकीकडे.

मंदा हसली. "काहीतरीच! मागच्या खेपेला आणू दिलं होतं ना?"